अभ्यासक्रमात कारखान्याचा वाटा

महाविद्यालयाचे उद्योगाशी किती सख्य आहे, हे आपल्याकडे सामंजस्य करारांच्या संख्येवरून मोजले जाते. नॅकच्या मूल्यांकनात चालू करार किती असा प्रश्नच असतो, आणि ज्याला गुण असतात ते वाढते हा शिक्षणातला जुना नियम इथेही लागू पडतो. सह्या होतात, फोटो निघतो, कागद फाइलीत जातो. अभ्यास मंडळावर उद्योगाचा प्रतिनिधी असतो. तो बैठकीला आलाच तर एखादा नवा विषय सुचवतो, विषय मंजूर होतो आणि पुढच्या जूनमध्ये तो शिकवायला माणूस मिळत नाही. तिकडे उद्योगसंघटनांच्या व्यासपीठावरून एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते की अभ्यासक्रम जुना आहे आणि पदवीधर कामाचे नाहीत. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: दुखणे अभ्यासक्रमाच्या कागदात आहे, कागद बदलला की उतार पडेल. या प्रकरणात मांडायचे आहे ते वेगळे. विद्यार्थ्याला देण्यासारखे उद्योगाजवळ जे सर्वांत मोलाचे ज्ञान असते ते अभ्यासक्रमाच्या कागदावर उतरतच नाही. ते काम चालू असते तिथेच मिळते, आणि ते द्यायचे तर उद्योगाला स्वतःची माणसे, वेळ आणि पैसा खर्ची घालावा लागतो. जिथे हा खर्च झाला तिथले सहकार्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जिथे उद्योगाने नुसता सल्ला दिला तिथे ते कागदावर राहिले, आणि जिथे नुसते पैसे दिले तिथे कधी कधी विद्यापीठाचेच नुकसान झाले.

याचा पहिला मोठा पुरावा १९०६ सालचा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले सिनसिनाटी हे तेव्हा मशीन टूल बनवणाऱ्या कारखान्यांचे गाव होते. तिथल्या विद्यापीठात आलेले हर्मन श्नायडर आधी पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात शिकवत असत. पुढे चांगले अभियंते ठरलेल्या पदवीधरांनी बहुधा शिकत असतानाच कुठे ना कुठे काम केलेले असते, हे त्यांच्या तिथेच लक्षात आले होते. महाराष्ट्राला ही गोष्ट ऐकून कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आठवेल, पण दोन्हींत फरक आहे. कर्मवीरांच्या योजनेत श्रम हे गरीब मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागवण्याचे आणि त्याला स्वाभिमानाने उभे करण्याचे साधन होते. श्नायडरांनी श्रमालाच अभ्यासक्रमाचा भाग केले. त्यांनी २७ विद्यार्थी घेतले आणि त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतला एक आठवडाभर वर्गात बसे, दुसरा तोच आठवडा कारखान्यात उभा राही, आणि पुढच्या आठवड्यात दोघे जागा बदलत. कारखान्यातली जागा त्यामुळे कधी रिकामी राहत नसे. अभ्यासक्रम सहा वर्षांचा झाला. कारखाना विद्यार्थ्याला रीतसर मजुरी देई. विश्वस्तांना हा प्रकार धोक्याचा वाटत होता आणि त्यांनी परवानगी दिली ती एका वर्षापुरती.

मला या योजनेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो समन्वयक, म्हणजे ये-जा करणारा शिक्षक. तो विद्यापीठाचा नोकर असे, पण कारखान्यात जाऊन विद्यार्थी कोणत्या यंत्रावर आहे, काय करतो आहे, हे पाहत असे आणि वर्गात परतल्यावर त्याच कामाचा धागा धरून शास्त्र शिकवत असे. कापताना हत्याराचे टोक का तापते, पट्टा का घसरतो, एकाच ड्रॉइंगवरून केलेले दोन जॉब मापात का जुळत नाहीत, अशा जातीचे प्रश्न कारखाना फुकट पुरवतो. पण त्यांची उत्तरे कारखान्यात मिळत नाहीत, कारण फोरमनला माल वेळेवर बाहेर काढायचा असतो. उत्तरासाठी भौतिकशास्त्र आणि गणित लागते. प्रश्न एकीकडे आणि उत्तरे दुसरीकडे, आणि मधे एक जबाबदार माणूस, अशी ही रचना होती. कारखान्याने यात काय घातले ते मोजता येते: मजुरी, फोरमनचा वेळ, आणि नवशिक्याच्या हाती यंत्र देण्यातली जोखीम. इतके घातलेल्या मालकाला विद्यार्थी काय शिकतो याची आपोआपच फिकीर वाटते. त्याला अभ्यास मंडळाच्या बैठकीचे आमंत्रण पाठवावे लागत नाही.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे आणि म्हणूनच जास्त उपयोगी आहे, कारण उद्योगाशी नाते जोडण्याचे दोन प्रकार तिथे जवळजवळ एकाच वेळी, एकाच माणसाच्या हातून घडले. एक फळला, दुसरा अंगाशी आला. १९१५ मध्ये आर्थर डी. लिटल यांनी संस्थेपुढे एक अहवाल ठेवला. लिटल प्राध्यापक नव्हते. स्वतःची सल्लागार कंपनी चालवणारे ते उद्योगातले रसायनतज्ज्ञ होते आणि कागदाच्या धंद्यापासून सुरुवात करून त्यांनी नाना तऱ्हेचे कारखाने आतून पाहिले होते. तोवर औद्योगिक रसायनशास्त्र शिकवले जाई ते मालानुसार: साबण कसा बनतो, साखर कशी बनते, रंग कसे बनतात. लिटल यांनी दाखवून दिले की माल कोणताही असो, कारखान्यात घडणाऱ्या क्रिया थोड्याच असतात. दळणे, मिसळणे, तापवणे, गाळणे, आटवणे, स्फटिक पाडणे, सुकवणे. या क्रिया शास्त्र म्हणून शिकवल्या तर विद्यार्थी कोणत्याही कारखान्यात उभा राहू शकेल. रासायनिक अभियांत्रिकी हा विषय या कल्पनेवर उभा राहिला, आणि १९२३ मध्ये वॉकर, लुईस आणि मॅकॲडम्स यांच्या पाठ्यपुस्तकाने तो पक्का केला. उद्योगातून आलेल्या माणसाने अभ्यासक्रमाला दिलेली ही कदाचित विसाव्या शतकातली सर्वांत मोठी देणगी असेल. पण तिचे स्वरूप पाहा. लिटल यांनी अमुक कारखान्याला अमुक कौशल्य हवे असे सांगितले नाही. अनेक कारखाने पाहिलेल्या माणसाने त्या सगळ्यांत समान काय आहे ते काढून दिले. एका कंपनीच्या प्रतिनिधीकडून हे होणे अवघड असते, आणि अभ्यास मंडळावर आपण बहुतेक वेळा त्यालाच बसवतो.

पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, लिटल आणि प्राध्यापक विल्यम वॉकर यांनी ‘स्कूल ऑफ केमिकल इंजिनिअरिंग प्रॅक्टिस’ सुरू केले. कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी त्याला पैसा दिला. कागद, सिमेंट, रसायने अशा वेगवेगळ्या कारखान्यांत केंद्रे उघडली गेली आणि प्रत्येक केंद्रावर संस्थेचा शिक्षक राहू लागला. विद्यार्थी कारखान्याचे कामगार नव्हते. चालू संयंत्रावर मोजमापे घेणे, उष्णता कुठे वाया जाते ते शोधणे, आकडे जुळत नाहीत तिथे कारण शोधणे हे त्यांचे काम. पहिल्या महायुद्धात हे मध्येच थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले आणि आजही चालू आहे. दुसरा प्रकार १९१९-२० चा. महायुद्धानंतर संस्थेला पैशांची चणचण होती. तोवर ‘मिस्टर स्मिथ’ या टोपणनावाने देणग्या देणाऱ्या ईस्टमन यांनी, संस्थेने स्वतःही निधी उभारावा या अटीवर मोठी रक्कम देऊ केली, आणि तो उभारण्यासाठी ‘टेक्नॉलॉजी प्लॅन’ निघाला. कंपन्यांनी दरवर्षी ठरावीक शुल्क द्यायचे, आणि बदल्यात संस्थेचे ग्रंथालय, प्राध्यापकांचा सल्ला आणि पदवीधरांची माहिती त्यांना खुली व्हायची. ही योजना चालवणाऱ्या विभागाचे प्रमुखही वॉकरच होते. अनेक मोठ्या कंपन्या सामील झाल्या. वॉकर यांची उपयोजित रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कंपन्यांच्या कामांनी भरली. मूलभूत रसायनशास्त्राचा आग्रह धरणारे आर्थर नॉयस हे आधीपासूनच या दिशेशी असहमत होते. ते संस्था सोडून पॅसाडेनाला गेले आणि तिथल्या छोट्या संस्थेला, आजच्या कॅलटेकला, मोठे करण्यात त्यांचा वाटा राहिला. कंपनीसाठी केलेले काम मोकळेपणाने छापता येत नसे, प्रश्न कंपनी ठरवी, आणि वॉकर यांची ती प्रयोगशाळा १९३० च्या दशकात बंद पडली.

दोन्ही प्रकारांत उद्योगाचा पैसा होता, मग फरक कुठे पडला? प्रॅक्टिस स्कूलमध्ये उद्योगाने स्वतःचे दार उघडले आणि विद्यार्थ्याला आत घेतले. टेक्नॉलॉजी प्लॅनमध्ये विद्यापीठाने आपले दार उघडले आणि उद्योग आत आला. पहिल्यात विद्यार्थ्याचे शिकणे हा हेतू होता, दुसऱ्यात तो कुठेच नव्हता. यानंतरचा भाग अधिक बोलका आहे. संस्था फार व्यावहारिक झाली आहे, विज्ञानाचा पाया कच्चा राहतो आहे, ही काळजी १९३० च्या सुमारास ज्यांनी व्यक्त केली त्यांत जनरल इलेक्ट्रिकचे जेरार्ड स्वोप आणि बेल लॅबोरेटरीजचे फ्रँक ज्युवेट हे आघाडीवर होते. म्हणजे उद्योगपतीच. त्यांनी प्रिन्स्टनमधले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना अध्यक्ष म्हणून आणले, ते मूलभूत विज्ञान वाढवण्यासाठी. उद्योगाला फक्त हातखंडा कौशल्ये हवी असतात, असे मानून विद्यापीठे जेव्हा स्वतःहून पाया पातळ करतात, तेव्हा ती उद्योगाची सर्वांत उथळ मागणी पुरवत असतात.

उद्योगाला काय हवे, या प्रश्नाचे उत्तर कोण देतो यावर ते अवलंबून असते. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात उपयोगी पडणारा मुलगा हवा असतो. उत्पादनप्रमुखाला रिजेक्शन का वाढले याचे कारण शोधणारा हवा असतो. कंपनीच्या संचालकाला दहा वर्षांनी नवा प्रकल्प उभा करू शकेल असा माणूस हवा असतो. महाविद्यालयात प्लेसमेंटच्या निमित्ताने सतत येतो तो पहिला, त्यामुळे त्याचाच आवाज उद्योगाचा आवाज समजला जातो. त्याच्या सांगण्यावरून एखादे सॉफ्टवेअर अभ्यासक्रमात घातले, तर मंजुरी, छपाई, शिक्षकांची तयारी आणि पहिली तुकडी बाहेर पडणे यांत चार-पाच वर्षे सहज जातात, आणि तोवर त्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या आलेल्या असतात. अभियंता मात्र पुढे पस्तीस वर्षे नोकरी करणार असतो. यावर भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचे वागणे त्यांच्या भाषणांपेक्षा जास्त खरे बोलते. या कंपन्या गेली कित्येक वर्षे स्थापत्य, यंत्र, विद्युत अशा कोणत्याही शाखेचे पदवीधर घेत आल्या आहेत आणि त्यांना नोकरीवर घेतल्यानंतर काही महिने स्वखर्चाने शिकवत आल्या आहेत. इन्फोसिसने त्यासाठी म्हैसूरला भलेमोठे संकुल उभारले. अभ्यासक्रमातला मजकूर इतका निर्णायक असता तर स्थापत्यच्या मुलाला संगणकाच्या कामावर कोणी घेतले नसते. कंपनी निवडते ती शिकण्याची तयारी, आणि बाकीचे स्वतः शिकवते. शिकवण्याचा खर्च करायला उद्योग तयार आहे, हेही यातून दिसते. तो खर्च पदवीच्या आधी आणि विद्यापीठाच्या सोबतीने व्हावा, की पदवीनंतर आणि बंद दाराआड, एवढाच काय तो प्रश्न उरतो. इन्फोसिसने २००४ मध्ये ‘कॅम्पस कनेक्ट’ नावाने महाविद्यालयांपर्यंत जाण्याचा प्रयत्न सुरू केला, तो याच जाणिवेतून.

आता या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप जर्मनीतून येतो. तिथे उद्योगाला अभ्यासक्रमात मोठा वाटा दिला गेला आणि तरी घात झाला नाही. १९७२ मध्ये श्टुटगार्टमध्ये डाइमलर-बेन्झ, बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ या कंपन्यांनी स्थानिक संस्थांच्या साहाय्याने एक नमुना उभा केला. १९७४ मध्ये राज्य सरकारने त्यावर ‘बेरूफ्सअकाडेमी’ सुरू केल्या, आणि २००९ मध्ये त्यांचे बाडेन-वुर्टेमबर्ग दुहेरी विद्यापीठ झाले. विद्यार्थ्याला आधी कंपनीशी करार करावा लागतो, मगच प्रवेश मिळतो. तीन वर्षे साधारण तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांनी तो वर्गात आणि कंपनीत शिकतो, आणि वर्गात असतानाही त्याला कंपनीचा पगार चालू असतो. सुमारे ९,००० कंपन्या आणि संस्था आज यात भागीदार आहेत. उद्योगाचे प्रतिनिधी समित्यांवर बसतात आणि त्यांचे मत चालते. पण हा आक्षेप बारकाईने पाहिला की माझ्याच मुद्द्याला बळ देतो. तिथल्या कंपनीचे मत चालते, कारण त्या मताची किंमत तिने तीन वर्षांच्या पगारात भरलेली असते. ती उगाच काहीही सुचवत नाही, कारण सुचवलेले शिकण्यात घालवलेला वेळ तिच्याच खर्चाचा असतो. आणि भागीदार हजारोंच्या संख्येने असल्यामुळे एकट्या कंपनीची सोय अभ्यासक्रमावर लादता येत नाही. पदवी राज्याच्या विद्यापीठाची असते, कंपनीची नसते. या पद्धतीच्या उणिवाही आहेत. संशोधनाला तिथे जागा कमी, आणि कंपन्या मनुष्यबळात हात आखडता घेतात तेव्हा प्रवेशाच्या जागाही आकसतात. ज्याला गणितज्ञ व्हायचे आहे त्याने तिथे जाऊ नये. पण ही शिक्षणाची एक वाट आहे, सगळ्या विद्यापीठांनी तिच्यावरूनच चालावे असे कोणी म्हणत नाही.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाची जडणघडण १९५७ पासून अशीच काही महिने वर्ग, काही महिने नोकरी या चक्रावर झाली. टायर बनवणाऱ्या बी. एफ. गुडरिच कंपनीचे आयरा नीडल्स आणि त्याच कंपनीतून आलेले जेराल्ड हेगी हे तिच्यामागे होते. त्यावर इथे जास्त रेंगाळण्याचे कारण नाही, कारण भारतात आपल्याजवळच एक उदाहरण आहे. राजस्थानातल्या पिलानीच्या बिट्सने १९६४ पासून दहा वर्षे फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने एमआयटीशी संबंध ठेवला, आणि संचालक सी. आर. मित्रा यांच्या कारकिर्दीत १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले. दुसऱ्या वर्षानंतर दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात राहतात, त्याचे श्रेयांक धरले जातात, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला संस्थेचे शिक्षक नेमलेले असतात. राजस्थानच्या वाळवंटी गावातून, जवळ कोणतेही औद्योगिक शहर नसताना, ही व्यवस्था पन्नास वर्षे चालली आहे. आमच्या गावात कारखाने नाहीत, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही. उलट पुण्यात आणि छत्रपती संभाजीनगरात वाहनउद्योगाच्या कुंपणाला लागून महाविद्यालये आहेत आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांची ओळख नाही, असे दृश्य दिसते.

मोठ्या कंपन्यांना हे परवडेल, पण दहा-वीस कामगारांच्या वर्कशॉपने विद्यार्थी सांभाळायचा की ऑर्डर पुरी करायची? हा आक्षेप खरा आहे, आणि बॉश किंवा कोडॅकची उदाहरणे देऊन तो मिटत नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. एकट्या सहकारी साखर कारखान्याला संशोधन आणि शिक्षण संस्था चालवणे शक्य नव्हते, म्हणून कारखाने आणि ऊस उत्पादक एकत्र आले, आणि १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. साखर तंत्रज्ञान, साखर अभियांत्रिकी, अल्कोहोल तंत्रज्ञान असे अभ्यासक्रम तिथे चालतात. हा उद्योगच असा आहे की त्याने कागदी शिक्षणाला मुळात वावच ठेवलेला नाही. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. रसाची प्रत दर दिवशी बदलते, ऊस तोडून किती वेळ झाला यावर उतारा हलतो, पॅनवर पाक शिजवताना दाणा धरला की नाही हे अनुभवी पॅनमन डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखतो. हे शिकायचे तर माणूस हंगामात कारखान्यातच हवा. विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक ऊस ऐकत नाही. सहकारात दोष शोधणाऱ्यांना भरपूर सापडतील, पण लहान-मोठ्या उद्योगांनी मिळून शिक्षणाचा खर्च वाटून घेण्याची ही युक्ती इचलकरंजीच्या यंत्रमागांना किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रींना का जमू नये, याचे कारण मला सापडत नाही. मुंबईत त्याच्याही आधी, १९३३ मध्ये, विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला तो वस्त्र रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी घेऊन. शहर गिरण्यांचे होते, रंगाई-धुलाईचे प्रश्न गिरण्यांचे होते. तो विभाग, म्हणजे आजची माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, गिरण्या बुडाल्या तरी बुडाला नाही. अभ्यासक्रम रंगाच्या व्यापाऱ्याने सांगितला तेवढाच ठेवला असता तर काय झाले असते, याची कल्पना गिरणगावात फिरून करता येते.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १९१८ मध्येच आपल्या पुस्तकात विद्यापीठे व्यापाऱ्यांच्या ताब्यात जात असल्याची कडवट चिकित्सा केली होती. विद्यापीठाचे काम प्रश्न विचारणे आहे, त्यात उद्योगालाही विचारायचे प्रश्न येतात, आणि ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याबद्दल प्रश्न कसे विचारणार? कापड रंगवण्याचे तंत्र शिकवणाऱ्या विभागाने नदीत सोडलेल्या पाण्याबद्दल बोलायचे की नाही? माझे उत्तर असे की, हा धोका पैशातून येतो तितका सहवासातून येत नाही. ज्या विद्यार्थ्याने तीन महिने रंगशाळेत काढले त्याला सांडपाणी कुठे जाते ते माहीत असते. ज्याने फक्त कंपनीच्या देणगीतून बांधलेल्या सभागृहात तिच्या अधिकाऱ्याचे व्याख्यान ऐकले त्याला ते माहीत नसते. एमआयटीतल्या त्या दोन प्रकारांतही विद्यापीठाचा आवाज दाबला गेला तो टेक्नॉलॉजी प्लॅनमध्ये, प्रॅक्टिस स्कूलमध्ये नव्हे. तरीही एक मर्यादा घालायलाच हवी: पायाभूत विषय, परीक्षा आणि पदवी हे विद्यापीठाच्या हाती राहावे, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा अहवाल कंपनीच्या कपाटात बंद होऊ नये. इतिहास किंवा मराठी साहित्य शिकवणाऱ्या विभागांवर ही सगळी चौकट लादणे तर मूर्खपणाचे ठरेल. त्यांनी संग्रहालये, अभिलेखागार, प्रकाशनसंस्था यांच्याशी नाते जोडावे, पण ते स्वतःच्या गरजेने.

चौथा आक्षेप शिक्षकांबद्दल आहे. शिक्षकांनी कधी कारखाना पाहिलेला नसेल, तर उद्योगातल्या माणसांनाच वर्गात का आणू नये? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नेमण्याची मुभा दिली ती याच विचाराने. किमान १५ वर्षांचा अनुभव असला की पीएचडी नको, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. कल्पना चांगली आहे. पण निवृत्त अधिकाऱ्याने फळ्यापुढे उभे राहून अनुभव सांगितला तरी तो ऐकीव अनुभवच राहतो. श्नायडरांचा समन्वयक उलट दिशेने जात होता, वर्गातून कारखान्यात. दोन्ही दिशांची ये-जा हवी, आणि आपल्याकडे सोपी दिशा तेवढी उचलली गेली आहे.

कायद्याची बाजू भक्कम आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारक अभियंत्यांना लागू झाला. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आज २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि पदवीधर उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार परत देते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, आले आहे. तासांत मोजले तर १२०. यातला दोष तासांच्या संख्येत नाही. ओजेटीसाठी विद्यार्थी स्वतः जागा शोधतो, ओळखीच्या दुकानाचे किंवा काकांच्या फर्मचे प्रमाणपत्र आणतो, आणि शिक्षक सही करतो, हे कोणत्याही विभागात विचारले तर कळते. शिक्षकाचा दोष म्हणावा तर त्याच्या आठवड्याच्या कार्यभारात तासिका मोजल्या जातात, कंपनीत घालवलेला दिवस मोजला जात नाही. विद्यापीठांना या बाबतीत एक गोष्ट नव्या करारांशिवाय आणि उद्योगाच्या परवानगीशिवाय करता येईल: पंधरा विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचा आठवड्यातला एक पूर्ण दिवस कारखान्यासाठी राखायचा, तो कार्यभारात धरायचा, प्रवासभत्ता द्यायचा, आणि नॅकला करारांच्या संख्येऐवजी या दिवसांची नोंदवही दाखवायची. अशा शिक्षकाला गेटवर अडवणारी कंपनी कोणती आणि आत बोलावून सुपरवायझरशी बसवणारी कोणती, हे एका सत्रात समजेल, आणि पुढच्या अभ्यास मंडळावर कोणाला बसवायचे तेही.